लिलावातलं घर : किंमत पाहिली, ताबा पाहिला का?

बँकांच्या लिलावाच्या नोटिसा आता रोजच्या पेपरात दिसतात. सरकारी बँकांची अशी घरं २०२५ पासून ‘बँकनेट’ पोर्टलवरही पाहता येतात. घर शोधताना नाव ऐकूनच नकार मिळाल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. लिलावात सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला घर मिळतं, म्हणून या मार्गाचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण आयुष्यभराची कमाई लावण्याआधी एक गोष्ट पाहायलाच हवी, असं आम्हाला वाटतं : घराचा ताबा कुणाकडे आहे?

हे लिलाव बहुतेक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. कर्ज थकलं की बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि नंतर ताबा घेते. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिलं असेल, तर आत अजून कुणी राहत असू शकतं. ते घर रिकामं करायला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो आणि त्यात बराच काळ जाऊ शकतो. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तर घर बँकेच्या हातात असतं. स्वस्त किंमतीचं रहस्य अनेकदा इथेच असतं.

दुसरा प्रश्न पैशांचा. बोली जिंकली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के भरावे लागतात. बाकी १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तरी ३ महिन्यांपुढे मुदत नाही. चुकलं तर भरलेली रक्कम जप्त. म्हणून कर्ज लागणार असेल, तर त्याची बोलणी बोलीआधीच पक्की करा.

शिवाय घर ‘जसं आहे, जिथं आहे’ या अटीवर मिळतं. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल यांची थकबाकी आधी विचारून घ्या. वीजबिलाची जुनी बाकी नव्या मालकाकडूनही मागितली जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि ज्यांचं घर लिलावाच्या वाटेवर आहे त्यांच्यासाठी : २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पहिली नोटीस आली की ती कपाटात ठेवू नका, वकिलाकडे न्या.