चाळीसगावचा टांगा आणि एमएच 39 ची फॉर्च्युनर

"दारात फॉर्च्युनर आणि खिशात जातीचा दाखला." 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला आणि काही न्यायमूर्तींनी क्रीमी लेअरचाही मुद्दा काढला. तेव्हापासून हे वाक्य आमच्या नंदुरबार जिल्ह्यात चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत फिरते आहे. उपवर्गीकरणावर आम्ही यापूर्वी लिहिले आहे, पुन्हाही लिहू. आज त्या वाक्यातल्या गाडीबद्दल बोलायचे आहे, कारण आमची बाजू मांडणारेही तिच्याबद्दल बोलायला कचरतात.

आधी टोमणे मारणाऱ्यांना एक साधा हिशेब सांगतो. नवी फोर-व्हील ड्राइव्ह फॉर्च्युनर आज चाळीस लाखांच्या पुढे जाते. आमच्या वस्तीत, पाड्यावर किंवा शहाद्याच्या कॉलनीत जी उभी दिसते ती बहुतेक वेळा 2010 ते 2014 च्या दरम्यानची असते. मुंबई, सुरत किंवा दिल्लीच्या कुणीतरी लाख-दीड लाख किलोमीटर पळवून सोडून दिलेली. तिची किंमत नव्या छोट्या गाडीच्या आसपास येते. म्हणजे शेजारच्या गल्लीतला कापड दुकानदार ज्या पैशात नवी कोरी मारुती घेतो, त्याच पैशात आमचा पोरगा जुनी फॉर्च्युनर घेतो. दुकानदाराच्या मारुतीवर कुणी लेख लिहीत नाही. त्याच्या आजोबांना कुळकायद्यात काय मिळाले, बापाला बँकेने कशावर कर्ज दिले, याचा दाखला त्याच्याकडे कुणी मागत नाही.

दिल्लीचा उल्लेख उगाच केलेला नाही. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन देशभर स्वस्तात विकल्या जातात. फॉर्च्युनर, पजेरो, एंडेव्हर. राजधानीच्या हवेला नकोशा झालेल्या गाड्या आपल्याकडे येऊन प्रतिष्ठा बनतात. जुने कपडे, जुने टीव्ही, आता जुनी ऐट. या देशात उतरलेल्या वस्तू नेहमी एकाच दिशेने का उतरतात, हा अभ्यासाचा विषय आहे.

तर मोठ्या गाडीचा सोस का, याचे उत्तर ज्याला खरोखर हवे असेल त्याने बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडावे. त्यातल्या दोन आठवणी वाहनाच्याच आहेत. एक लहानपणची. मसूर स्टेशनवर उतरलेल्या मुलांना जात कळल्यावर कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. दुसरी आठवण 1929 ची, आणि ती आपल्या खानदेशातली आहे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याच्या बाजूला आले होते. परत जाताना चाळीसगावच्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. महारवाडा स्टेशनपासून जवळच, पायी जाण्याच्या अंतरावर. टांगेवाले महाराला बसवून हाकायला तयार होईनात. बॅरिस्टर असो, सरकारी समितीचा सदस्य असो, टांगेवाल्याच्या लेखी तो महारच. पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. मग तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्या एकाने लगाम हातात घेतले. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला धडकले, बाबासाहेब फेकले जाऊन दगडी फरसबंदीवर पडले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

ही घटना आपल्या सभांमध्ये नेहमी सांगितली जाते ती टांगेवाल्याच्या जातीयवादाचा पुरावा म्हणून. तो आहेच. पण बाबासाहेबांनी ती लिहिताना आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती आपण सोयीस्करपणे गाळतो. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात माझ्या माणसांनी माझा जीवच धोक्यात घातला, असा तिचा आशय आहे. त्या रात्री चाळीसगावात वाहन होते, पैसे होते, मानही होता. लगाम धरायचे शिकलेला आपला माणूस तेवढा नव्हता, कारण ते शिकण्याची संधीच त्याला कधी मिळाली नव्हती.

जुन्या फॉर्च्युनरकडे आम्ही याच नजरेने पाहतो. गाडी घेण्याला आमचा विरोध नाही. साधेपणाचा उपदेश आम्ही शोषितांना कधीच करणार नाही. तो उपदेश करणाऱ्यांच्या आश्रमांबाहेर कोणत्या गाड्या उभ्या असतात ते आम्ही पाहिले आहे. कांशीराम साहेबांनी 1983 मध्ये डीएस-फोरची सायकल यात्रा काढली, म्हणून कार्यकर्त्याने जन्मभर सायकलच चालवावी असा त्याचा अर्थ होत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. गाडी आपली झाली, पण तिचे लगाम कुणाच्या हातात आहेत?

आमच्या परिचयातल्या एका शिक्षकाच्या मुलाने अशी गाडी घेतली. दिल्ली पासिंगची होती. एनओसी आणली, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरला, एमएच 39 नंबर पडला, त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा दिवा लागला. या इंजिनाचा बेल्ट साधारण दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावे लागते. बेल्ट झाला तर नोझल आले. चार नोझल, एकेकाची किंमत पंचवीस-तीस हजारांच्या घरात. मग टायर, पुढचे बुश, ट्रान्स्फर केसमधून तेल गळायला लागले ते वेगळेच. गावातल्या गॅरेजवाल्याने हात वर केले, कारण स्कॅनर त्याच्याकडे नाही. गाडी टो करून मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपला गेली आणि तिथे दीड महिना पडून राहिली. काय बदलले, जुना पार्ट कुठे गेला, मजुरी कशी लावली, विचारायची सोय नाही. विचारले तरी कळणार काय? बिल भागवायला त्याने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली. गाडीवर फायनान्सचा बोजा होताच, हप्ता त्या दीड महिन्यातही थांबला नाही.

पुढचे खर्च तर कायद्यानेच ठरलेले आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2010 ची गाडी 2025 मध्ये पुन्हा पासिंगला उभी राहिली. पूर्वी सहाशे रुपयांत होणारे नोंदणीचे नूतनीकरण एप्रिल 2022 पासून पाच हजारांवर गेले आहे, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. म्हणजे गाडी जितकी म्हातारी तितकी तिची भूक मोठी. पहिल्या मालकाने तिची तरुण वर्षे वापरली, गॅरंटी वापरली, कंपनीची सर्व्हिस वापरली. आपल्या वाट्याला तिचे दवाखाने आले.

आणि एक गंमत. फॉर्च्युनर 2009 मध्ये भारतात आली तेव्हा ती चारही चाकांना ताकद देणारीच होती. पुढे टू-व्हील ड्राइव्ह निघाली आणि ती जास्त खपली. त्यामुळे आज सेकंड हँड बाजारातून मोठ्या तोऱ्यात आणलेल्या कित्येक गाड्यांची फक्त मागचीच चाके ओढतात. तोरणमाळच्या घाटात पावसाळ्यात चिखलाला लागली की ती कुठल्याही टेम्पोसारखीच जागेवर फिरते. मग बाजूने जुनाट कमांडर जाते. टपावर चार जण, मागे लटकलेले तीन, आत किती ते मोजू नका.

इथे आम्हाला मूळ मुद्द्यावर यायचे आहे. महाराष्ट्रात फोर-व्हील ड्राइव्हची खरी गरज कुठे असेल तर ती पुण्याच्या मॉलच्या पार्किंगमध्ये नाही, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात आहे. सप्टेंबर 2021 मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. एका आदिवासी नवऱ्याने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली आणि ती वाटेतच गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या लोकांची पिकअप दरीत कोसळली. माणसे वाहायची गाडी नव्हती म्हणून माल वाहायच्या गाडीत बसलेली माणसे. बाळंतीण बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून आणतात, त्याला वर्तमानपत्रांनी 'बांबूलन्स' असे गोंडस नाव दिले आहे. नाव ठेवणाऱ्याने ती एकदा खांद्यावर घेऊन पाहावी. सरदार सरोवरात गावे गेली त्या नर्मदाकाठावर तर बोटीचा दवाखाना आला तरच डॉक्टर दिसतो. 2014 पासून 108 ची सेवा आहे, तिने जीव वाचवले आहेत, ते नाकारायचे नाही. पण ती मोठी व्हॅन डांबरी रस्त्यासाठी आहे. डांबर संपते तिथून पुढच्या पाड्यांचे काय?

2023 मध्ये केंद्राने नियम केला की पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहणार नाही. शहरासाठी चांगला नियम. पण धडगावच्या एखाद्या आरोग्य केंद्राची जुनी जीप या नियमाने भंगारात गेली, तर तिच्या जागी नवी फोर-व्हील ड्राइव्ह कोणत्या तारखेला येणार, हे त्याच कागदावर लिहिलेले असले पाहिजे. जिल्ह्यात साहेबांच्या ताफ्याला गाड्या कमी पडल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

म्हणून तरुणांना आमचे म्हणणे असे. मोठी गाडी घ्यायचीच असेल तर घ्या, कुणाच्या टोमण्याला भिऊ नका. पण घेण्याआधी तिच्या बोनेटखाली काय आहे ते समजणारा आपला माणूस सोबत न्या. असा माणूस सापडत नसेल, तर तीच आपली खरी अडचण आहे. खानदेशातल्या गॅरेजमध्ये आमची पोरे ढिगाने आहेत, पण पान्हा आणून देणारी. स्कॅनर लावणारा, पंप खोलणारा, बिल लिहिणारा दुसराच असतो. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो आपण दहावीत कमी मार्क पडलेल्या पोराची शिक्षा समजतो. कलेक्टर व्हायचे स्वप्न जरूर पाहा, पण शंभरातल्या नव्व्याण्णवांचे काय, हे पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांची भाडी भरणाऱ्या बापांनी एकदा स्वतःला विचारावे. आठ लाखांच्या म्हाताऱ्या गाडीऐवजी त्याच पैशात स्कॅनर, लिफ्ट आणि नोझल टेस्टिंगचे मशीन उभे राहते. महात्मा फुले महामंडळ आणि शबरी महामंडळ कशासाठी आहेत? तिथे जोडे झिजतात हे आम्हाला माहीत आहे. जोडे झिजवायला संघटना म्हणून आम्ही सोबत येऊ.

दुसरे म्हणणे ग्रामसभांना. आपला बराचसा जिल्हा पाचव्या अनुसूचीत आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्यातून काय करायचे ते ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. कमानी आणि पेव्हर ब्लॉक पुष्कळ झाले. दोन-चार ग्रामपंचायतींनी मिळून एक साधी, खरोखर चारही चाकांवर चालणारी गाडी रुग्णांसाठी मागावी. मागणीच्या ठरावात तीन नावे आधी लिहावीत: रात्री दोन वाजता ती कोण चालवणार, तिचे डिझेल कोणत्या खात्यातून येणार, आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार. पहिले आणि तिसरे नाव पाड्यावरच्याच पोराचे किंवा पोरीचे असावे, आणि त्यांच्या लायसन्सची, आयटीआयच्या फीची तरतूद त्याच ठरावात असावी. प्रशासनाकडून 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असे उत्तर आले तर ते लेखी घ्या आणि त्याची प्रत आम्हाला पाठवा.

जय भीम! जय आदिवासी!