बंपरवर फक्त ओरखडा, म्हणजे धडक किरकोळ होती का?

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळच्या कोंडीत पुढची गाडी थांबते, मागची हलकेच आदळते. दोघेही उतरतात, बंपर बघतात, थोडी बाचाबाची होते आणि 'काही झालं नाही' म्हणून निघून जातात. पण नुसत्या बंपरवरून धडकेचा जोर कळतो का? अर्धवटच.

दिसतं ते फक्त कव्हर

आपण ज्याला बंपर म्हणतो, ते बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचं कव्हर असतं. ते दबून पुन्हा मूळ आकारात येऊ शकतं. खरा मार झेलतो तो त्यामागचा आडवा बीम. म्हणजे बाहेरून गाडी ठीक आणि आत बीम वाकलेला, असं होऊ शकतं. याउलट, अगदी हळू धडकेतही क्लिप तुटून कव्हर लोंबकळतं.

चाकणमध्ये ट्रक-कंटेनरची भर आहे. कार ट्रकच्या मागच्या भागाखाली शिरली, तर बंपर शाबूत राहून बॉनेट चेपतं.

चाचण्या काय सांगतात?

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. संयुक्त राष्ट्रांच्या बंपरविषयक नियमात (क्र. 42) समोरून चाचणीचा वेग ताशी फक्त 4 किमी आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या 'भारत एनसीएपी'मध्ये समोरची धडक ताशी 64 किमीला होते. कोंडीतली ताशी 10-15 किमीची धडक या दोन्हींच्या मध्ये येते. त्यामुळे गाडीला पाच स्टार आहेत, एवढ्यावरून अशा धडकेत बंपरचं काय होईल हे कळत नाही.

मानेचं काय?

मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मागे राहतं आणि मानेला हिसका बसतो. दुखणं काही वेळा दुसऱ्या दिवशी जाणवतं. बंपर चेपला नाही, म्हणून माणसाला लागलं नाही, असं गृहीत धरू नका.

मग काय करायचं?

• दोन्ही गाड्यांचे नंबर प्लेटसह फोटो काढा.
• डिकी-बॉनेट नीट बसतात का, पार्किंग सेन्सर चालतो का, ते पाहा.
• गॅरेजमध्ये कव्हर काढून बीम तपासून घ्या.
• कोणाला इजा झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाने जखमीला मदत करणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.
• विम्याचा दावा करण्याआधी हिशोब करा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो आणि 'नो क्लेम बोनस'ही जातो.

रस्त्यावरच हात मिळवून मिटवायचं असेल, तर निदान एकमेकांचे फोन नंबर घ्या. आतला खर्च आणि मानेचं दुखणं, दोन्ही उशिरा समोर येतात.