गंधक गेले, गाळ आला

जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. बंदरालगत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी हे उत्तमच झाले. पण नव्या मिश्र इंधनांमुळे काही जहाजांवर फिल्टर काळ्या, चिकट गाळाने तुंबू लागले, त्याची चर्चा इंजिनरूमबाहेर फारशी झाली नाही.

जड कच्च्या तेलात अस्फाल्टीन नावाचे मोठाले रेणू असतात. भोवतालची रेझिने आणि अॅरोमॅटिक घटक त्यांना तरंगते ठेवतात. तळाच्या तेलातून उष्णता व हायड्रोजन वापरून अधिकाधिक डिझेल काढायला गेले, की हा आधार आधी मोडतो. उरलेले अस्फाल्टीन एकमेकांना चिकटून खाली बसतात. त्यात मेणचट तेल मिसळले, तरी तेच.

रिफायनरीने डिझेलचा हव्यास थोडा आवरला तर गाळ घटतो. हा उपाय खिशाला लागतो, म्हणून टाळला जातो. माझ्या मते तो टाळू नये. तुंबलेली यंत्रे साफ करायला शेवटी माणूसच उतरतो ना?

इंधन १०० अंशांवर २४ तास ठेवून गाळ मोजतात; मर्यादा ०.१० टक्के. पण ही परीक्षा एकेका इंधनाची. उत्तीर्ण झालेली दोन इंधने एका टाकीत आली, की गाळ पडू शकतो. तेव्हा मिश्रणात काय काय आहे, हे पुरवठादाराने लिहून देणे सक्तीचे करावे.