गाडीखाली वाकून पाहा

बँकेत असताना तारण मालाची तपासणी हे माझ्या कामाचे एक अंग होते. गोदामात पोती कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे पाहायला पुढची थप्पी ओलांडून मागे जावे लागे. कारण खोट असलीच तर ती मागच्या थप्पीत असे. वाहनकर्जाच्या बाबतीत मात्र आम्ही चॅसी आणि इंजिन क्रमांक जुळवून परत फिरत असू. गाडीखाली वाकण्याचा प्रसंग कधी आला नाही. तो निवृत्तीनंतर, भाच्याच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीमुळे आला.

भाच्याचे रविवार कारंजाजवळ घाऊक दुकान आहे. गेल्या चैत्रात मालेगावहून सहकुटुंब परतताना पिंपळगावच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या दुकानातील पोराने गाडीखाली चांगली सपाट, मजबूत दिसणारी जागा पाहून जॅक लावला आणि पाच मिनिटांत काम करून दिले. पुढे तीन महिने काही जाणवले नाही. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एके सकाळी समोरच्या पडद्यावर लाल सूचना आली आणि गाडी सुरूच होईना. सेवाकेंद्रात गाडी वर उचलली तेव्हा कळले, की ती सपाट जागा म्हणजे बॅटरीची पेटी होती. तिला तळहाताएवढा पोचा पडला होता, कडेचे झाकण किंचित वाकून आतले सील सुटले होते आणि ओल आत शिरली होती. विद्युतरोध कमी झाल्याचे ओळखून गाडीने स्वतःच चालण्यास नकार दिला होता. नव्या पेटीचा खर्च ऐकून भाचा मटकन खाली बसला. गाडीच्या किमतीच्या निम्म्याजवळ तो जात होता.

ही पेटी तिथे असते कशासाठी? विजेच्या मोटारीत सर्वांत जड आणि सर्वांत महाग वस्तू बॅटरीच. शेकडो किलो वजन डिकीत ठेवले तर गाडीचा तोल बिघडतो, जागाही अडते. म्हणून बहुतेक कंपन्या ते पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, पायाखालच्या पत्र्याखाली पसरून बसवतात. वजन जमिनीलगत राहते आणि वळणावर गाडी कमी झुकते. आपल्या नाशिकमध्ये, महिंद्राच्या कारखान्यात तयार झालेल्या एक्सयूव्ही-४०० ची रचना अशीच आहे. २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली तेव्हा तिच्या बॅटऱ्या ३४.५ आणि ३९.४ किलोवॉट-तासांच्या होत्या. वीजबिलाच्या भाषेत तेवढी युनिटे.

कारखान्यात गाडीचा सांगाडा वर धरलेला असतो आणि पेटी खालून, उचलणाऱ्या मेजावरून हळूहळू वर नेली जाते. मार्गदर्शक खुंट्या भोकांत बसल्या, की पेटीच्या कडा दाराखालच्या लांब तुळयांना आणि आडव्या पट्ट्यांना बोल्टने जखडल्या जातात. या बोल्टवर केवळ वजनाचा भार नसतो. ब्रेक दाबला की पेटी पुढे सरकू पाहते, खड्ड्यात चाक आदळले की खाली खेचली जाते, वळणावर आडवी. म्हणून प्रत्येक बोल्ट ठरलेल्या पिळानेच आवळावा लागतो. सैल राहिला तर पेटी घासून भोक मोठे होते. अधिक आवळला तर बोल्ट ताणला जाऊन कमजोर होतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले, की गंजण्याची क्रिया सुरू होते, त्यासाठी लेप दिलेले बोल्ट लागतात. अनेक कंपन्या एकदा काढलेला बोल्ट पुन्हा वापरू देत नाहीत. आपल्या गल्लीतला मेकॅनिक तोच बोल्ट पुसून पुन्हा लावतो, आणि त्यात काटकसर केल्याचे समाधान आपल्यालाच जास्त होते!

खालून होणारा आघात काय करू शकतो, हे २०१३ मध्ये अमेरिकेत दिसले. ऑक्टोबरमध्ये सिॲटलजवळ टेस्लाच्या मॉडेल एस गाडीखाली ट्रकमधून पडलेला वाकडा लोखंडी तुकडा सापडला. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्याने सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला ३ इंचांचे भोक पाडले. गाडीने सूचना दिली, चालक बाजूला थांबून सुखरूप उतरला आणि मग आग दिसली. पुढच्याच महिन्यात टेनेसीमध्ये तसाच प्रकार घडला. मार्च २०१४ पासून कंपनीने पेटीखाली टायटॅनियमचा पत्रा आणि ॲल्युमिनियमचे संरक्षण बसवायला सुरुवात केली.

आपल्याकडे लोकांच्या मनात भीती बसली ती ९ एप्रिल २०२२ च्या घटनेने. नाशिकमध्ये कंटेनरमधून जाणाऱ्या ४० विद्युत स्कूटरपैकी २० जळाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्या आणि केंद्र सरकारने नियम कडक केले. मोटारींसाठी एआयएस-०३८ आणि दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ ही मानके सुधारून १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. बॅटरीला कंपन, धक्का, आग, शॉर्टसर्किट अशा चाचण्यांतून जावे लागते.

पण चाचणी होते ती कंपनीने बसवलेल्या पेटीची. माझी खरी काळजी मोटारींपेक्षा आपल्या बाजारपेठेत माल पोहोचवणाऱ्या तीनचाकींची आहे. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या थकल्या, की स्वस्तात लिथियमचा संच आणायचा, अँगल तोडून वेल्डिंग करायचे आणि दोन पट्ट्यांनी तो आवळून टाकायचा, हा प्रकार मी स्वतः दोन ठिकाणी पाहिला. एका गाडीत तर पट्टी केबलच्या आवरणावर घासत होती. मालकाला दाखवले, तर म्हणाला, "काका, चालतेय ना!" मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असा मनमानी बदल करता येत नाही आणि विमा कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते. चार-पाच हजार वाचवताना दुकानातला माल, चालकाचा जीव आणि शेजाऱ्याचे दुकान आपण पणाला लावतो, हा हिशेब कोणत्याही रोजकीर्दीत दिसत नाही.

भाच्याचा दावाही असाच अडला. सर्वेक्षकाने पहिला प्रश्न विचारला, आघात कधी झाला? चैत्रात. कळवले कधी? आषाढात. उशिराचे कारण काय? गाडीखाली कोणी पाहिलेच नव्हते, हे खरे उत्तर. पण ते कागदावर आमच्याच विरुद्ध जात होते. पंक्चरवाल्याची पावती नव्हती, छायाचित्र नव्हते. नशिबाने चैत्राच्या आदल्याच महिन्यात सेवाकेंद्राने केलेल्या तपासणीचा कागद भाचेसूनबाईंनी फाइलमध्ये जपून ठेवला होता. त्यात 'बॅटरीचा तळ ठीक' अशी नोंद होती. तेवढ्या एका ओळीवर मी चार पानांचे पत्र लिहिले. सहा आठवड्यांनी खर्चाचा मोठा भाग मंजूर झाला. उरलेला भाच्याने भरला.

तेव्हापासून त्याच्या गाडीत एक जाड पुठ्ठा असतो. जॅक कुठे लावायचा ते पुस्तिकेत पाहून त्याच्यावर ठळक चित्र काढले आहे, आणि पंक्चरवाल्याच्या हातात आधी तो दिला जातो. जोराचा खड्डा किंवा दगड लागला, तर त्याच संध्याकाळी मोबाइलवर तळाचे छायाचित्र काढून विमा कंपनीला मेल करायचा, हे काम नातवाकडे आहे. पॉलिसीत बॅटरीसाठी वेगळे जोडसंरक्षण कोणत्या शब्दांत लिहिलेले असते आणि त्यात काय वगळलेले असते, याविषयी पुढील अंकात.