आधी त्याचा रिपोर्ट

लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की काढा तिच्याच हातात येतो. आत्या पुडी देते, मावशी रील पाठवते : ‘९० दिवसांत गोड बातमी’. स्त्रियांचं वंध्यत्व बरं करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. मोबाइलवर ती दिसत नाही. काढा पिणारीला मी हसणार नाही. बुडत्याला काडीचा आधार. माझं भांडण नवऱ्याशी आहे. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारणाचा वाटा पुरुषाचाही असतो. वीर्यतपासणीला ना सुई लागते, ना भूल. तरी तो ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत बसतो. इकडे तिची स्त्रीबीजं महिन्यागणिक कमी होतात. काढ्याचं नंतर बघू. आधी त्याचा रिपोर्ट आणा.