फुकटची चराई खरेच फुकट असते काय?

‘गावाला गायरान असताना वैरण विकत कशाला घ्यायची?’ हा प्रश्न खेड्यात नेहमी विचारला जातो. कडब्याला पैसे मोजावे लागतात, चराईला काहीच पडत नाही; तेव्हा उत्तर सोपे वाटते. पण विद्यार्थी मित्रांनो, खर्च वहीत दिसला नाही म्हणजे तो कोणी सोसतच नाही, असे नव्हे.

प्रथम जनावराच्या पोटाचा हिशेब पाहू. ४०० किलोग्रॅम वजनाच्या गाईला दिवसाला सुमारे १० किलोग्रॅम शुष्कांश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. हिरव्या गवतात बहुतेक पाणीच असते. त्यातील शुष्कांश २० टक्के धरला, तर गाईला ५० किलोग्रॅम गवत मिळाले पाहिजे. कडब्यात शुष्कांश सुमारे ९० टक्के असतो, म्हणून तो ११ किलोग्रॅम पुरतो. यावरून लक्षात येईल, की चाऱ्याची तुलना भाऱ्याच्या आकारावरून करणे चूक आहे. मात्र कडब्यात प्रथिने फार कमी असतात. दुभती गाय नुसत्या कडब्यावर ठेवली, तर पोट भरेल, पण दूध आटेल. जोडीला लसूणघास किंवा पेंड हवी आणि तिचाही खर्च धरला पाहिजे.

दुसरा हिशेब जमिनीचा. गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा खाल्ला तरी गवत पुन्हा फुटते. परंतु त्याला सवड हवी. पहिल्या पावसानंतर कोवळी पाती दिसताच गुरे सोडली आणि रोज तेथेच चारली, तर पाने अन्न तयार करू शकत नाहीत आणि मुळे उपाशी राहतात. चांगली गवते नाहीशी होतात. गुरे ज्यांना तोंड लावीत नाहीत, ते तरवड आणि टाकळा तेवढे माजतात. खुरांनी जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि वाहताना माती घेऊन जाते. चराईची खरी किंमत ही आहे. ती आज कोणी देत नाही. पुढच्या उन्हाळ्यात सारे गाव देते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९८९ नंतर हा हिशेब बदलला. डोंगरावर मोकाट चराई बंद झाली, गवत विळ्याने कापून आणायचे ठरले. पाणी अडविण्याची कामेही झाली. उजाड डोंगर हिरवे झाले आणि गावातले दूध वाढले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, दोन शेळ्याच आहेत, त्याने चराईबंदी झाल्यावर कोठे जावे? त्याला कडबा परवडत नाही. म्हणून सरसकट बंदी मला मान्य नाही. गायरानाचे भाग पाडावेत. एकेक भाग पाळीपाळीने गवताचे बी गळून पडेपर्यंत राखावा, बाकीच्या भागांत चराई चालू द्यावी. राखलेल्या भागातले गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना असावा. ज्याला ऐपत आहे, त्याने रब्बी ज्वारीच्या काढणीनंतर लगेच कडबा भरून ठेवावा आणि कुट्टी करून घालावा, म्हणजे नासाडी कमी होते. टंचाई पडल्यावर वैरण शोधणे सर्वांत महाग पडते.

हे केवळ माझ्या शब्दावर मानू नका. पावसाळ्याच्या आरंभी, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, गायरानात एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेला काटेरी कुंपण घाला. दिवाळीच्या आधी आतले आणि शेजारच्या तेवढ्याच जागेतले गवत कापा, उन्हात वाळवा, तोला. आलेली दोन्ही वजने शिक्षकांसह ग्रामसभेत वाचून दाखवा.