दत्तक प्राणी आणि त्यांचे चितारी

'दत्तक' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. गाव दत्तक, झाड दत्तक, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या दत्तक. त्यात आता इंटरनेटवरच्या काल्पनिक प्राण्यांची भर पडली आहे. कुणीतरी पंखवाला कोल्हा किंवा शिंगवाला मासा काढायचा, दुसऱ्याने तो 'दत्तक' घ्यायचा, नाव ठेवायचे, जमवत जायचे. 1999 साली निओपेट्स निघाले. 2017 साली क्रिप्टोकिटीज नावाच्या चित्रातल्या मांजरांची लाट आली. त्यातली काही मांजरे लाख डॉलरच्या वर गेली आणि पुढे तो बाजार बसलाही.

हे प्राणी काढायला चित्रकार लागतात. आमच्या आटपाडीसारख्या गावातही इंटरमिजिएट परीक्षेत चांगली श्रेणी मिळवलेली मुले आहेत आणि हातात मोबाइल आहे. ती विचारतात, "सर, असलं काम घ्यावं का?"

जरूर घ्यावे, असे माझे मत आहे. हा पोरखेळ आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सावंतवाडीची गंजिफा आठवावी. दशावतारी गंजिफात दहा रंगांची, प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने असतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, सगळे त्यात आले. तोही खेळच. ही कला संपत आली तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले, म्हणून ती टिकली. पण त्याआधीच्या चिताऱ्यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? खरा प्रश्न इथेच आहे.

प्राणी दत्तक जातो, पण त्याच्या जन्मदात्याचे काय? 'चित्र पाठवा, निवडले तर बक्षीस, न निवडलेलेही आमचेच' अशी अट असेल तर सरळ नकार द्यावा. ती भरती नव्हे, फुकटची सुगी आहे. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा नीट समजून घ्यावा. पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. म्हणून करार आधी करावा, चित्र नंतर. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी 'हे चित्र माझे' असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. करार परदेशी कंपनीचा असेल तर त्यात कुठला कायदा लावला आहे, हेही जाणत्या माणसाला विचारावे.

दुसरी गोष्ट कल्पनेची. तेच ते ड्रॅगन किती दिवस गिरवायचे? आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आहे, देवळांवर मकर आणि व्याल आहेत. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीचे बाकदार नाक पाहा, निम्मा काल्पनिक प्राणी तिथेच तयार आहे! आपल्या तालुक्यातले व्यंकटेश माडगूळकर लेखणीबरोबर कुंचलाही चालवायचे. 'सत्तांतर'मधली वानरे लिहिण्याआधी त्यांनी खरी वानरे मन लावून पाहिली होती. जो खरा प्राणी पाहत नाही, त्याला खोटाही जमत नाही.

आता यंत्रेही क्षणात चित्रे काढतात. तरीही माणसाकडून चित्र मागितले जात असेल, तर त्यात माणसाच्या नजरेची काहीतरी किंमत आहे. ती किंमत आधी आपल्या मुलांना कळली पाहिजे.

असो. आमच्या माणदेशात दत्तक म्हणजे नुसते नाव लावणे नव्हे, जबाबदारी घेणे. चित्रातला प्राणी चारा मागत नाही, पण त्याचा चितारी भाकरी मागतो आणि चित्राखाली आपले नावही. बघा, पटते का.